मदत हवी आहे : दोन ऑडिओची एमकेव्ही, प्लेअरवर आवाज मागे पडतो

एमकेव्हीत (व्हिडिओ फाइलचा एक प्रकार) दोन ऑडिओ ट्रॅक आहेत : पहिला हिंदी, ५.१ म्हणजे सहा चॅनेलचा एसी३; दुसरा मराठी, स्टिरिओ एएसी (एसी३, एएसी हे ऑडिओचे फॉरमॅट). हातातला प्लेअर जुना आहे. ४८० × २७२ स्क्रीन, फक्त एमपी४, एच.२६४ व्हिडिओचा साधा ‘बेसलाइन’ प्रकार, आणि ऑडिओ बदलायची सोयच नाही. म्हणून एमपी४ करून मराठी तेवढा ठेवायचा.

एफएफएमपेगला (कमांड देऊन फाइल बदलायचा प्रोग्राम) कुठला ट्रॅक ते न सांगता सोडलं की तो जास्त चॅनेलचा ट्रॅक उचलतो, म्हणजे हिंदीच. ते ‘मॅप ०:ए:१’ देऊन सुटलं (मोजणी शून्यापासून, म्हणजे १ हा दुसरा ऑडिओ; इथेच बरेच जण फसतात). ऑडिओ एएसी, १२८ केबीपीएस.

खरा घोळ पुढे. सुरुवातीला ओठ-आवाज जुळतात, तासाभराने आवाज दोनेक सेकंद मागे. तीच एमपी४ संगणकावर व्हीएलसीत अगदी बरोबर चालते. मीडियाइन्फो (फाइलची माहिती दाखवणारा प्रोग्राम) मूळ फाइलचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, ‘व्हेरिएबल’ (बदलता) दाखवतो, सरासरी २३.९७६. प्लेअर टाइमस्टॅम्प (कुठली फ्रेम कधी दाखवायची ती फाइलमधली वेळ) न बघता ठरावीक वेगाने फ्रेम दाखवत असावा, असा संशय आहे. सुरुवातीपासूनच सारखा फरक असता तर ऑडिओ डिले देऊन भागलं असतं; हा वाढत जातोय.

हँडब्रेकमध्ये (व्हिडिओ रूपांतर करायचा प्रोग्राम) फ्रेमरेट ‘कॉन्स्टंट’ (एकसारखा) करताना २३.९७६ ठेवू की २५? आणि अशा २४ फाइल आहेत, व्हिडिओ पुन्हा एन्कोड न करता काही जमतं का?