लहान अँप लावला की सब जळत नाही, असं सांगणाऱ्यांना

तारवाला_उद्यमनगर
काल एका पोरानं इथं विचारलं, गाडीतल्या 12 इंची सबला (सबवूफर, म्हणजे बेसचा स्पीकर) अँप (अँप्लिफायर) कुठला घेऊ. उत्तर काय मिळालं? "बॉक्सवर 1200 वॅट छापलंय ना, मग 300 चा घे. अँप लहान असला की सब कधी जळत नाही." आणि खाली सगळ्यांचे अंगठे. काल रात्री ह्याच विचारानं झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

1200 हा मॅक्सचा आकडा, क्षणभराचा. सब तासन् तास किती झेलतो ते आरएमएस सांगतो, आणि असलं छापलेल्या सबचा आरएमएस बऱ्याचदा 300-400 च निघतो. अँप त्या आकड्याला जुळवायचा. आणि आरएमएस बघून भागत नाही, ओहम बघा, म्हणजे सब अँपला किती विरोध करतो ते. ड्युअल कॉइल 4 ओहमचा सब, म्हणजे आत 4-4 ओहमची तारेची दोन वेटोळी असलेला, पॅरलल जोडला तर 2 ओहम, सिरीज जोडला तर 8. तसले दोन सब असतील तर 1 नाहीतर 4 होतात, 2 काही केल्या होत नाही. 2 ओहमपर्यंतच स्टेबल असलेल्या अँपवर 1 ओहमचा भार टाकला की तो प्रोटेक्शनला जातो, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडतो, नाहीतर धूर काढतो. म्हणून आधी सब ठरवायचा, मग जोडणी, मग अँप.

राहिला लहान अँप. आवाज पुरत नाही म्हणून पोरं गेन (स्टिरिओशी अँपची पातळी जुळवायची खुंटी) पिळतात, बेस बूस्ट चढवतात, अँप क्लिप होतो, म्हणजे झेपत नाही म्हणून लाटेची शेंडी कापली जाते आणि कॉइल जळते. सब मरतो तो लहान अँपनंच.

पेठेतला_बेस
सगळं पटलं, शेवटचं वाक्य सोडून. कमी पॉवरनं सब जळत असता तर हळू आवाजात गाणी ऐकणाऱ्या प्रत्येकाचा जळला असता. कॉइल जळते उष्णतेनं. 300 चा अँप पार क्लिप झाला, लाट पूर्ण चौकोनी झाली, तरी जास्तीत जास्त दुप्पट, म्हणजे 600. सब 800 आरएमएसचा असेल तर त्याला काय होणार? माझ्या गाडीत सहा वर्षं हीच जोडी वाजतेय. घाबरवून मोठे अँप गळ्यात मारायचे धंदे बंद करा.

तारवाला_उद्यमनगर
मी अँप विकत नाही. दुरुस्त करतो. टेबलावर सब येतो तेव्हा डस्ट कॅप (मधली टोपी) काढायच्या आधीच करपल्याचा वास येतो, आणि दर वेळी मालक म्हणतो, "अँप तर लहानच होता." तुझा 800 चा आहे म्हणून वाचलाय. त्या पोराचा 350 चा आहे. त्यात 600 घातल्यावर काय होतं?

पेठेतला_बेस
350 वर 600 म्हणजे राख. तेवढं मान्य. पण मग "गेन पिळल्यानं मरतो" असं लिही, "लहान अँपनं मरतो" नको.

तारवाला_उद्यमनगर
बरं. वाक्य मागे घेतलं.

बावड्याची_मास्तरीण
मला ओहम कळत नाही, पण तुम्ही सगळे ज्याच्यासाठी भांडताय ते आमच्या गल्लीत रात्री साडेअकराला वाजतं. गाडी उभी, काचा बंद, आत चौघं. गाणं ऐकू येत नाही, नुसता धक्का येतो. कपाटातली भांडी वाजतात. सासूबाईंचं ऑपरेशन होऊन आठ दिवस झाले होते, त्या उठून बसायच्या आणि छातीवर हात ठेवायच्या. यजमान खाली सांगायला गेले तर, "काका, गाडी आमची हाय" हे उत्तर. गाडीचं सोडा, विसर्जनाला डॉल्बी दारावरून जातो तेव्हा आम्ही त्यांना घेऊन चुलत दिरांकडे जातो. दर वर्षी. स्वतःच्या घरातून.

तालमीचा_गडी
ताई, गाडीवाल्यांचं बोला, मिरवणुकीत कशाला शिरताय? वर्षातनं एक दिवस असतो. पोरं महिनाभर वर्गणीसाठी फिरतात. दरवेळी आमच्याच सणावर बोट.

बावड्याची_मास्तरीण
सण माझाही आहे. माझ्या माहेरच्या मंडळात लेझीम होती, मी स्वतः खेळले आहे. त्या आवाजानं कुणी घर सोडून गेलं नव्हतं.

कानसेन
"डॉल्बी" म्हणू नका हो, हात जोडतो. ट्रॉलीवर रचलेल्या त्या बेसच्या भिंतीचा आणि डॉल्बीचा काही संबंध नाही. रे डॉल्बी यांनी 1965 साली कंपनी काढली आणि त्यांचं पहिलं नाव झालं टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. आवाज स्वच्छ करणाऱ्या माणसाचं नाव आपण ह्याला दिलंय.

तालमीचा_गडी
नाव काय का असंना. अख्खा जिल्हा डॉल्बीच म्हणतो. परवानगी घेऊन लावतो आम्ही, मीटर लावून मोजतात.

तारवाला_उद्यमनगर
मीटरचंच सांगतो, कारण ह्यात ताईंचं म्हणणं खरं आहे. 2000 च्या नियमात रहिवासी भागाला दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल, पण तो "ए" मापाचा डेसिबल. ते माप कानासारखं ऐकतं, खालचे सूर कमी धरतं. 50 हर्ट्झला, म्हणजे बेसच्या सुराला, सुमारे 30 डेसिबल वजा होतात. म्हणजे भिंत हलवणारा बेस मीटरवर जेमतेम दिसतो. शिवाय बेसच्या लांब लाटा विटांच्या भिंतीला जुमानत नाहीत, म्हणून खिडकी लावून उपयोग होत नाही.

तालमीचा_गडी
म्हणजे तूपण आता बंदीवाला झालास! गाड्यांत वायरी ओढून पैसे कमवतोस आणि आम्हाला शिकवतोस?

तारवाला_उद्यमनगर
मी ओढलेल्या वायरीवर रात्री दहानंतर गल्लीत वाजवायचं नाही, हे सांगूनच गाडी सोडतो. तू कधी ट्रॉलीच्या मागं न चालता पुढं उभा राहिलायस का?

तालमीचा_गडी
राहिलोय. गेल्या साली पापाच्या तिकटीच्या चौकात. दोन दिवस कानात शिट्टी वाजत होती, घरात कुणाला बोललो नाही. ते खरं आहे. पण ताईंनी मंडळाला येऊन सांगितलं असतं तर त्यांच्या दारात आम्ही बंद करून पुढं नेलं असतं. हे इथं लिहून काय होणार?

बावड्याची_मास्तरीण
दोनदा येऊन सांगितलं. दोन्ही वेळा मान हलवली. पुन्हा येईन, ह्या वेळी तुमच्याकडे येते.

नवा_गाडीवाला
कालचा प्रश्न माझाच होता. तोवर 300 चा मोनोब्लॉक (एकाच चॅनलचा अँप) घेऊन झाला, दुकानात जोडूनही घेतला. आवाज नाही म्हणून गेन पूर्ण फिरवलाय. आता हे वाचून भीती वाटायला लागली.

पेठेतला_बेस
गेन आधी शून्यावर आण. गेन म्हणजे व्हॉल्यूमचं बटण नव्हे. सबच्या दोन्ही तारा अँपमधून सोडव आणि त्यांच्यावर मल्टीमीटर लाव. 4 ओहमची कॉइल मीटरवर साडेतीनच्या आसपास दिसते, थोडी कमीच.

नवा_गाडीवाला
7.1 दाखवतोय.

तारवाला_उद्यमनगर
सिरीजमध्ये जोडलाय. अँपला 8 ओहम दिसतोय, 2 ओहमला 300 देणारा तिथं 75-80 च देणार. दोन्ही कॉइलचे प्लस एकत्र, दोन्ही मायनस एकत्र कर, म्हणजे पॅरलल. मग सब सोडून ठेव, बेस बूस्ट बंद, 50 हर्ट्झचा टोन लाव, स्टिरिओ पाऊणपर्यंत, आणि अँपच्या टोकांवर एसी व्होल्ट बघत गेन फिरव. 300 वॅट गुणिले 2 ओहम, त्याचं वर्गमूळ साडेचोवीस. 24.5 व्होल्ट आले की हात काढायचा. फ्यूज बॅटरीपासून 18 इंचांच्या आत आहे का तेही बघ, दुकानवाले डिकीत बसवतात आणि मधली सगळी वायर उघड्यावर राहते.

नवा_गाडीवाला
फ्यूज डिकीतच होता. हलवला. मीटर आता 1.8 दाखवतोय. गेन निम्म्याच्याही खाली आहे आणि आरसा हलतोय! टेस्ट दुपारी केली, पंचगंगेच्या पुलापलीकडं, उसाच्या फडाजवळ.