हायब्रिडवरून रोड बाइकवर आले आणि करंगळी बधिर

वारज्याची_मावशी
तीन वर्षं हायब्रिड (सरळ हँडलची सायकल) चालवली, कधी काही दुखलं नाही. गेल्या महिन्यात भाच्याची रोड बाइक (खाली वळलेल्या हँडलची, वाकून चालवायची सायकल) घेतली. फ्रेम ५४ सेमी, स्टेम (हँडल पुढे धरणारा तुकडा) ११० मिमीचा. माझी उंची ५ फूट ५. हायब्रिड 'एम' होती, म्हटलं ५४ म्हणजेही एमच. वारज्याहून डोणजे फाट्याकडे निघाले की खडकवासला चौपाटी येईस्तोवर मान आखडते, करंगळी नि अनामिका बधिर होतात. हँडल लांब वाटलं म्हणून सीट पुढे सरकवली, तर आता गुडघ्याची वाटी दुखतेय. भाचा म्हणतो, "मावशी, सवय होईल." होते का खरंच?

घाटवेडा
ताई, वाकायची सवय होते, बधिर बोटांची करून घेऊ नका. करंगळीच्या बाजूने तळहातात नस येते, अंगाचा भार हातांवर पडला की ती दबते.

आधी सीट मागे घ्या. हँडल लांब म्हणून सीट पुढे ओढायची म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! अनवाणी भिंतीला टेकून उभ्या राहा, जाड पुस्तक दोन पायांमध्ये सीटसारखं वर घट्ट दाबा, पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. त्याला ०.८८३ ने गुणा (सायकलपटू ग्रेग लेमाँडमुळे गाजलेला आकडा). ७६ सेमी आलं तर क्रँक (पेडलचा दांडा) जिथे फिरतो त्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ६७. मग सीटवर बसून, पेडल पुढे नि क्रँक आडवा धरून गुडघ्याच्या वाटीखालून ओळंबा सोडा, दोऱ्याला नट बांधला तरी चालतो. तो पेडल ज्या आसावर फिरतं त्याच्या आसपास पडावा. ही सुरुवात, पुढे ५-५ मिमीने बदलत जा.

हँडलचं नंतर बघा. रोड बाइकला हात हँडलच्याही पुढे हुड्सवर (ब्रेकच्या रबरी मुठींवर) जातात, त्यामुळे दोन्हीकडचा 'एम' सारखा नसतो. खरं सांगायचं तर ५४ तुम्हाला एक साइज मोठीच आहे. स्टेम ८० किंवा ९० चा लावा. आणि भाच्याला विचारा, फोर्कची नळी (पुढच्या चाकाच्या चिमट्याची, जिच्यावर स्टेम बसतो ती) वरून कापलीय का? कापली असेल तर हँडल वर घ्यायला स्टेमखाली स्पेसर (चकत्या) घालता येणार नाहीत.

नाना_पंक्चर
हँडलची रुंदीही बघा. पोराचं ४४ सेमी असेल, तुम्हाला ४० पुरेल. बाकी कोपरं ताठ ठेवू नका, माझी बायको अजून ठेवते.

वारज्याची_मावशी
मोजलं, ७६ च निघालं! सीट चक्क दोन सेमी खाली होती. हायब्रिडसारखे बसल्या बसल्या दोन्ही पाय टेकावेत म्हणून मीच खाली केली होती. आता सिग्नलला सीटवरून उतरावं लागतं. पहिल्या दिवशी कर्वे रोडवर शेजारच्या रिक्षाला धरून उभी राहिले, रिक्षावाला म्हणाला, "काकू, बसा की आत."

गुडघा गप्प आहे. ९० चा स्टेम उलटा लावून घेतला, दिसतो विचित्र, पण हँडल थोडं वर आलं. करंगळी डोणज्यापर्यंत जागी राहिली. मान मात्र अजून कुरकुरते. आणि हो, फोर्कची नळी कापलेलीच आहे. "हलकी व्हावी म्हणून," म्हणे.

कुणाची ५२ ची फ्रेम पडून आहे का?