ऊद संस्कृत? मग मस्कतच्या दुकानदारालाही कळवा

माजी मस्कतकर: काल इथे एकाने ठोकून दिलं की धूर 'उद्' म्हणजे वर जातो, म्हणून ऊद, शब्द अस्सल संस्कृत. डोकंच फिरलं. अहो, ऊद अरबी. अर्थ साधा, लाकूड. त्यांचं तंतुवाद्यही ऊदच. मस्कतला पहिल्या दिवाळीला बायको म्हणाली, ऊद आणा. दुकानदाराने डबी उघडली तर आत पेन्सिल तासल्यासारखे काळपट तुकडे. भाव ऐकून डबी परत केली. तो अगरू! आपण निखाऱ्यावर टाकतो ते खडे म्हणजे त्यांचा 'लुबान जावी', जावाचा लोबान. येतो खरा सुमात्राहून. लुबानच्या मुळाशी पांढरेपणा, दूध. ओमानच्या धोफार भागातल्या मूळ लुबानच्या झाडाला चीर दिली की चीक तसाच पाझरतो. युरोपीयांनी 'लु' गाळून त्या 'बानजावी'चं बेंझॉइन केलं, त्यावरूनच पुढे बेंझीन.

कालचा मीच: आलं, सगळं अरबस्तानातून आलं! धूप, गुग्गुळ, कुंदुरू डिंक? अरब येईपर्यंत आम्ही देवाला चुलीचा धूर दाखवत होतो का?

मेळघाटवाला: धूप, गुग्गुळ घ्या. कुंदुरू जपून, अरबीतही 'कुंदुर' आहे. आणि धोफारचं झाड आमच्या सालईचं चुलत भावंड. सालईचा डिंक जाळून बघा, मग बोला.

ठाण्याच्या काकू: शब्द राहू द्या. दुकानदार ऊद म्हणून राळ गळ्यात मारतो त्याचं काय? परवा निखाऱ्यावर टाकला तर डांबराचा वास. नातवाला धुरी द्यायची होती.

दीड वर्षाची आई: तान्ह्याला धुरी?? माझ्या लेकाला सव्वा महिन्याचा असताना ओवा, वावडिंग, ऊद सगळं दिलं. रात्री धाप लागली. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर मलाच झापलं, धुरी देणाऱ्या सासूबाई बाहेर बाकावर.

ठाण्याच्या काकू: मी तीन मुलं धुरीवर वाढवली.

दीड वर्षाची आई: धुरीवर नाही काकू, धुरी सोसून वाढली ती.

ठाण्याच्या काकू: जीभ आवर. तुझ्या सासूबाईंनी निखारे फुलू न देताच ऊद टाकला असेल.

मेळघाटवाला: निखारे फुलले तरी धूर तो धूरच, काकू.

कालचा मीच: विषय ऊद शब्दाचा आहे! आता 'उदो उदो'ही अरबी म्हणा.

माजी मस्कतकर: नाही, तो उदय. घ्या, तेवढा तुमचा.

कालचा मीच: उपकार झाले. बरं, ऊद अरबी. उदबत्ती मात्र आमची.

माजी मस्कतकर: बत्ती तुमची.

ठाण्याच्या काकू: ठाण्यात खरा ऊद कुठे मिळतो ते कुणी सांगेल का?