बेडरपणा सायकोपॅथीत धरायचा की नाही? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी मानसशास्त्रात एम.ए. करते आहे, सेमिनारला सायकोपॅथी (इतरांबद्दल कळवळा आणि अपराधभाव नसलेली व्यक्तिमत्त्वाची घडण) हा विषय घेतलाय आणि एका मुद्द्यावर आठवडाभर अडकले आहे.

मानसशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर पॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेल्या सायकोपॅथीच्या प्रारूपात तीन घटक आहेत: बोल्डनेस (शीर्षकातला बेडरपणा), निष्ठुरपणा आणि बेलगामपणा. शेवटचे दोन कळतात, त्यांचा त्रास इतरांना होतोच. पण बोल्डनेस? दडपणाखाली डोकं शांत ठेवणं, चारचौघांत छाप पाडणं, धोक्याला न डगमगणं, हे तर आपण गुण मानतो! संशोधक लिनम आणि मिलर यांचा आक्षेप हाच आहे: समाजविघातक वागण्याशी याचा संबंध फार क्षीण दिसतो. उलट, बोल्डनेस धरावा म्हणणाऱ्या संशोधक लिलियनफेल्ड यांच्या बाजूचं म्हणणं असं, की हा घटक काढला तर सायकोपॅथी समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराहून (सतत नियम आणि इतरांचे हक्क मोडण्याचा विकार) वेगळी ओळखणं अवघड होतं. मनोविकारतज्ज्ञ क्लेकली यांनीही १९४१ मध्येच सायकोपॅथीची वरवरची मोहकता आणि अस्वस्थतेचा अभाव ही लक्षणं नोंदवली होती. मला हीच बाजू जास्त पटते.

तरी प्रश्न उरतोच. बोल्डनेस भरपूर, पण बाकी दोन्ही घटक अगदी कमी, अशा माणसाला काय म्हणायचं? सायकोपॅथ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. मग हा घटक एकटा मोजायचा, की निष्ठुरपणाच्या जोडीनेच त्याला अर्थ येतो?

कुणी क्लिनिकल किंवा संशोधनाचं काम केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. आणि ‘बोल्डनेस’साठी ‘बेडरपणा’ चालेल का? ‘धाडस’ मला फारच कौतुकाचं वाटतं.