मदत हवी आहे: लॉजवर पूर्ण आधार नंबर द्यावाच लागतो का?

आईला घेऊन कोल्हापूर-पन्हाळा करायचंय. ओळखपत्र दाखवायला माझी ना नाही. पण मागे एका लॉजवर काउंटरवरच्या मुलाने स्वतःच्या मोबाइलवर आमच्या आधारचे फोटो काढले, ते पुढे कुठे गेले कोण जाणे! आईचं पेन्शनचं खातं त्याच नंबरला जोडलेलं, म्हणून जिवाला घोर लागतो. आता मास्क्ड आधार डाउनलोड केलंय (पहिले ८ आकडे झाकलेले, शेवटचे ४ दिसतात), बायोमेट्रिकही लॉक केलंय. तरी फोनवर मॅनेजर म्हणतो, "पूर्ण नंबरच लागतो, पोलीस रजिस्टर बघतात." खरंच तसा नियम आहे का? मास्क्ड प्रतीवर किंवा ड्रायव्हिंग लायसन्सवर कुणाला खोली मिळाली आहे का? झेरॉक्सवर तारीख आणि कारण लिहून सही केली, तर गैरवापर झाल्यास उपयोग होतो का? अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा.