सरंजाम म्हणजे वसूल की मुलूख?

प्रश्न : ‘लग्नाचा सगळा सरंजाम’ म्हणतो तो साहित्य, सामानसुमान या अर्थाने. मग दादरा-नगर हवेलीची गावं पेशव्यांनी पोर्तुगीजांना ‘सरंजाम’ म्हणून दिली, म्हणजे नक्की काय दिलं?

– वसूल दिला. शब्द फारसी, तजवीज, बंदोबस्त हा अर्थ धरला की दोन्ही वापरांचा उलगडा होतो. पेशवाईत फौज बाळगायला किंवा हुद्द्याच्या खर्चाला गावांचा महसूल लावून देत, तो सरंजाम. वतन पिढीजात, सरंजाम सरकारला वाटेल तेव्हा खालसा करता येई. (व्यवहारात तोही बापाकडून मुलाकडे जायचा, ते सोडा.)

– याच शब्दावर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खल झालाय! महायुद्धानंतर इंग्रज गेले, पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार काही हलेना. जुलै-ऑगस्ट 1954 मध्ये स्वयंसेवकांनी आधी दादरा आणि मग नगर हवेलीतलं सिल्वासा घेतलं. त्यांत सुधीर फडकेही होते. दोन्ही तुकडे चारी बाजूंनी भारताने वेढलेले. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दमणहून कुमक पाठवायची तर वाट आपल्या हद्दीतून, आणि आपण वाट दिली नाही. डिसेंबर 1955 मध्ये पोर्तुगालने दावा लावला. त्यांचं म्हणणं, 1779 च्या पुणे तहाने मराठ्यांनी मुलूखच तोडून दिला. आपलं म्हणणं, सालीना 12,000 रुपयांचा वसूल, बाकी काही नाही.

– मग निकाल आपल्या बाजूने?

– सरंजामापुरता, हो. 12 एप्रिल 1960 च्या निकालात कोर्टाने म्हटलं की तह आणि 1783, 1785 च्या सनदा पाहता सार्वभौमत्व दिलेलं दिसत नाही. मराठ्यांना ते द्यायचं असे तेव्हा ते तशी भाषा वापरत. पण पुढे इंग्रजांनी तिथली पोर्तुगीज सत्ता चालवून घेतली, म्हणून ती कोर्टानेही मानली. वाटेचा हक्क मिळाला तो खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना. फौज, हत्यारी पोलीस, दारूगोळा यांना नाही. 1954 मध्ये भारताने वाट अडवली त्यातही कोर्टाला काही गैर दिसलं नाही.

– पाँडिचेरीत असा सनदांचा घोळ नव्हता. फ्रेंचांनी ताबा 1 नोव्हेंबर 1954 ला दिला, कायदेशीर हस्तांतरण मात्र 16 ऑगस्ट 1962 ला झालं. ‘ताबा’ आणि ‘मालकी’ यांचा स्वतंत्र धागा काढायला हवा.

– काढा की. पण मग ‘कब्जा’ही घ्या त्यात, तलाठी तोच लिहितो.