ओबीसी मुलीला खुल्या महिलांपेक्षा जास्त गुण पडले, तर पोलीस भरतीत तिला कुठे धरतात?

सत्तरीची थोरली:
नमस्कार. माझी धाकटी बहीण पोलीस शिपाई भरतीची तयारी करते. आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले, ओबीसी. पहाटे ती वाळपईच्या रस्त्यावर धावते, मी स्कूटर घेऊन मागे असते, कारण त्या वेळी दोन्ही बाजूंना काजूची झाडं सोडली तर कोणी नसतं. परवा वाड्यावरच्या एका शिकलेल्या माणसाने तिला सांगितलं, "ओबीसी महिलांच्या जागा तेवढ्याच तुझ्या. खुल्या महिलांच्या जागांवर तुला घेणार नाहीत, कितीही गुण मिळव." तेव्हापासून तिचं अभ्यासात लक्ष नाही.

हे खरं आहे का? जागा एक-दोनच असल्या तर एवढी धावपळ करून काय उपयोग, असं ती विचारते आणि माझ्याकडे उत्तर नाही. तिला वर्दी मिळावी असं मला मनापासून वाटतं, आणि ते फक्त पगारासाठी नाही. आमच्या भागात नवऱ्याने मारलं तरी बाई पोलीस स्टेशनची पायरी चढत नाही. आत तिची बोली कळणारी, तिच्यासारख्या घरातून आलेली मुलगी बसलेली असेल तर ती निदान दारापर्यंत येईल.

फोंड्याचा वकील:
ताई, त्या गृहस्थांचं म्हणणं चूक आहे. बहिणीला हे वाचून दाखवा.

खुली जागा म्हणजे खुल्या वर्गासाठी राखलेली जागा नव्हे. ती सगळ्यांची. उत्तर प्रदेशात 2013 च्या पोलीस शिपाई भरतीत नेमका हाच वाद झाला. एका ओबीसी मुलीला 276.5949 गुण होते, खुल्या महिलांच्या यादीतली शेवटची निवड 274.8298 गुणांवर झाली होती, तरी जास्त गुणांची मुलगी बाहेर राहिली. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020 मध्ये सौरव यादव खटल्यात ते चुकीचं ठरवलं. त्या 274.8298 च्या वर असलेल्या ओबीसी मुलींना नोकरी द्या, आणि आधी लागलेल्यांना काढू नका, असा आदेश झाला.

म्हणजे बहिणीचा विचार आधी खुल्या महिलांत व्हायला हवा. तिथे बसली तर ओबीसीची जागा दुसऱ्या मुलीसाठी मोकळी राहते. मात्र वयाची वगैरे सवलत घेतली असेल आणि नियमात तशी मनाई असेल, तर खुल्या जागेवर जाता येत नाही. 2017 च्या दीपा खटल्यात हे झालं आहे. म्हणून जाहिरातीतल्या सवलतींच्या अटी शब्दन् शब्द वाचा.

म्हापसेकर:
या सगळ्या भानगडीपेक्षा सरळ गुणांवर घ्या ना. पोलिसाला जात कशाला?

सत्तरीची थोरली:
दादा, माझा प्रश्न गुणांचाच आहे. जास्त गुण असून मुलगी बाहेर राहू नये, एवढंच मी विचारते आहे. आणि आरक्षणाबद्दल म्हणाल तर गोव्यात गावडा, कुणबी, वेळीप समाजांना अनुसूचित जमातीत यायला 2003 उजाडलं. रानातल्या वाड्यांवरची मुलं त्याआधी वर्दीपर्यंत पोचणार कशी होती?

पणजीतली शिपाई:
मी स्वतः एलपीसी, म्हणजे महिला पोलीस शिपाई आहे. बाय, दोन गोष्टी सांगते. पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला आत्ताच मामलेदार कचेरीतून काढून ठेव. जाहिरात आल्यावर धावपळ होते आणि दाखल्यापायी चांगल्या मुली मागे पडतात. जातीच्या दाखल्याचंही तेच. दुसरं, कोकणी अनिवार्य असते. घरी आपण मराठी वाचतो-लिहितो, पण कोकणी समोरच्याशी घडाघडा बोलता आली पाहिजे. सत्तरीतल्या मुलीला ते जड नाही.

आणि त्या पायरीबद्दल लिहिलंस ते अगदी बरोबर आहे. डेस्कवर मी असते तेव्हा बायका पुरुष सहकाऱ्याला ओलांडून माझ्याकडे येतात. जे सांगायचं ते सुरुवातीला सांगतच नाहीत. पाणी मागतात, मुलाच्या शाळेचं बोलतात, मग हळूच दंडावरचे वळ दाखवतात.

डिचोलीचे निवृत्त हवालदार:
कायदा छान आहे हो. पण 2024 मध्ये सरकारी नोकरीच्या नावाने पैसे घेतल्याची प्रकरणं गोवाभर गाजली, ती विसरू नका. तुमच्या घरीही कोणी येईल, "अमक्याशी ओळख आहे" म्हणेल. एक रुपया देऊ नका. दागिने गहाण ठेवून दिलेले पैसे गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

फोंड्याचा वकील:
हवालदार काकांशी सहमत. निकाल लागल्यावर शंका वाटली तर माहिती अधिकाराखाली दहा रुपयांचा अर्ज करा: प्रत्येक वर्गाच्या शेवटच्या निवडीचे गुण, आणि खुल्या महिलांच्या यादीत आरक्षित वर्गातल्या किती मुली घेतल्या. उत्तर 30 दिवसांत यायला हवं. खुल्या महिलांचा शेवटचा आकडा बहिणीच्या गुणांपेक्षा खाली दिसला तर लगेच वकील गाठा, नेमणुका होईपर्यंत थांबू नका.

सत्तरीची थोरली:
तिला सगळं वाचून दाखवलं. 274 आणि 276 चे आकडे तिने वहीत लिहून घेतले. मामलेदार कचेरीत सोमवारी जातो.